किती वाजता खाल्लं आणि किती वाजता उलटी झाली?

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून मध्ये कडक ऊन तापलं, की वारुळांवर सात्या, म्हणजे खायची रानटी अळंबी, फुटतात. कुणी सात्या म्हणतं, कुणी टेकोडे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे बाजाराच्या दिवशी पानांवर त्यांचे वाटे लागतात आणि महाग असूनही तासाभरात संपतात. विषारी अळंबी खाऊन विषबाधा झालेले रुग्णही याच दिवसांत येतात, आणि याच दिवसांत रस्ते तुटतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड बेट होतं. म्हणून हे सगळं मोठ्या हॉस्पिटलसाठी लिहिलेलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, नर्सबाई, आशाताई, १०८ वरची माणसं आणि रुग्णाला घेऊन आलेले घरचे, यांच्या हातात पहिले काही तास असतात. त्यांच्यासाठी हे आहे.

अळंबी कोणती होती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. भाजी शिजलेली असते, बहुतेक वेळा संपलेलीही असते, त्यामुळे त्याचं उत्तर क्वचित मिळतं. कामाचा प्रश्न वेळेचा आहे: खाल्ल्यापासून पहिल्या उलटीपर्यंत किती तास गेले?

घड्याळाची वेळ विचारली तर "झाली असंल रात्र" एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा असं विचारा: "गाई घरी आल्या होत्या का माय? दिवा लावला होता का? शेवटची एसटी गेली होती का जी?" अशानं जेवणाची वेळ अर्ध्या तासाच्या फरकानं हाती लागते. उलटीसाठीही हीच रीत ठेवा. आणखी एक खोदून विचारायचं असतं. रात्रीची भाजी सकाळी शिळ्या भाकरीसोबत पुन्हा खाल्ली का? खाल्ली असेल तर तास रात्रीच्या जेवणापासून मोजा. सकाळपासून मोजले तर दहा तासांचे दोन तास होतात आणि सगळा हिशेबच उलटा होतो. दोन्ही वेळा केसपेपरवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहा.

सहा तासांच्या आत उलट्या-जुलाब सुरू झाले तर विष बहुतेक पोटाचं किंवा मज्जातंतूंचं असतं. त्यात जीव गेला तर तो श्वासानं किंवा शरीरातलं पाणी कमी होऊन जातो, आणि या दोन्हींवर जागेवरच इलाज होतो. सहा तासांनंतर, म्हणजे साधारण आठ ते बारा तासांनी त्रास सुरू झाला, तर लिव्हर धरणारं विष आहे असं समजूनच चालायचं. एक सावधगिरी मात्र हवी. टोपलीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असू शकतात. लवकर उलटी झाली म्हणून लिव्हरचं विष नाहीच, असं म्हणता येत नाही. लवकर त्रास झालेल्या रुग्णाचीही लिव्हरची तपासणी दुसऱ्या दिवशी एकदा करून घ्या.

लवकर त्रास देणाऱ्यांत मैदानी भागात सगळ्यात जास्त भेटते ती हिरव्या बीजाणूंची मोठी पांढरी छत्री, शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती गवतात, अंगणात, शेणखताच्या जागी उगवते. एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. मोठी माणसं सलाईन आणि ओआरएसवर एक-दोन दिवसांत उठून बसतात, लहान मूल मात्र काही तासांत कोरडं पडतं. त्याच्या डोळ्यांकडे, जिभेकडे आणि लघवीकडे लक्ष ठेवा.

श्वासाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं विष मस्करीन. इनोसायबी आणि क्लिटोसायबी या वंशांतल्या काही जातींत ते असतं. पंधरा मिनिटं ते दोन तासांत घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, मंद नाडी, टाचणीएवढ्या बाहुल्या आणि छातीत घरघर दिसायला लागते. श्वासनलिकांत इतकं पाणी सुटतं की माणूस कोरड्या खाटेवर बुडतो.

विदर्भातल्या कुठल्याही नर्सबाईला हे चित्र ओळखीचं आहे. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस असाच दिसतो. २०१७ च्या यवतमाळच्या फवारणी विषबाधेनंतर तर ते सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आहे. औषधही तेच, ॲट्रोपिन. फरक दोन आहेत आणि ते माहीत असायलाच हवेत. मस्करीन हातापायांच्या स्नायूंवर काम करत नाही आणि मेंदूतही शिरत नाही. त्यामुळे अंगावर बारीक फडफड, मानेत-दंडात कमजोरी किंवा झटके दिसले, तर अळंबीची गोष्ट खरी असली तरी कीटकनाशकाचा संशय घ्या. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावरून तोडलेल्या अळंबीत दोन्ही असू शकतं. दुसरा फरक असा की फवारणीच्या विषावर देतात त्या प्रॅलिडॉक्झिमचा, म्हणजे पॅमचा, मस्करीनमध्ये काहीच उपयोग नाही.

ॲट्रोपिनचा हिशेब हातावर लिहून ठेवावा असा आहे. आपल्याकडचा ॲम्प्युल १ मिलीचा, त्यात ०.६ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला आधी २ ॲम्प्युल शिरेतून द्या. पाच मिनिटांनी दोन्ही काखांखाली स्टेथोस्कोप लावून ऐका. घरघर कायम असेल तर ४, मग ८, असं दुप्पट करत जा. लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला अर्धा ॲम्प्युल. छाती कोरडी झाली, काख हातानं चाचपल्यावर कोरडी लागली, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर गेलं, की थांबा. दोन, चार, आठ, सोळा करता करता ३० ॲम्प्युल संपतात. अळंबीला सहसा एवढे लागत नाहीत, पण फवारणीच्या रुग्णाला लागतात, आणि दोघांचा हंगाम एकच. पावसाळा लागण्याआधी कपाटात ५० तरी असावेत असं माझं ठाम मत आहे.

यात चुका दोन बाजूंनी होतात. बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी १२० वर गेली म्हणून ॲट्रोपिन थांबवलं जातं आणि इकडे छाती अजून घरघरतच असते. थांबायची खूण छातीत आहे, बाहुलीत नाही. उलट बाजूनं, घरघर फक्त उजवीकडे खाली ऐकू येत असेल तर ती बहुतेक उलटी फुफ्फुसात गेल्याची असते. ती ॲट्रोपिननं जात नाही. तिच्या मागे लागून ॲम्प्युलवर ॲम्प्युल दिले की रुग्णाला ताप चढतो, तो बडबडायला लागतो, पोट फुगतं आणि लघवी अडते.

आता श्वासाकडे येऊ. घरूनच सुरुवात करा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. गुंगीत असलेल्याला काहीही पाजू नका. डाव्या कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, तोंड जमिनीकडे कलतं ठेवा. बैलगाडीत, ट्रॅक्टरवर, जीपमध्ये, सगळीकडे असंच. बरेच रुग्ण पाठीवर झोपवून आणले जातात आणि वाटेतच उलटी छातीत जाते.

केंद्रात पोचल्यावर आधी सक्शननं तोंडातली उलटी-लाळ ओढून काढा, मग ऑक्सिजन. सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तर नाकातल्या नळीनं २ ते ४ लिटर सुरू करा. पुरेना झालं तर पिशवीचा मास्क लावून १० ते १५ लिटर द्या. पिशवी श्वासागणिक पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन ९८ दिसतं आणि तरी तो श्वास घेणं सोडत चाललेला असू शकतो, कारण आत साचत जाणारा कार्बन डायऑक्साइड बोटावरच्या यंत्राला दिसत नाही. म्हणून छातीवर हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठच्या खाली गेले, किंवा श्वास उथळ होऊन रुग्ण हाकेला उत्तर देईना, तर अँबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा, हातात घ्यायची वेळ झाली.

कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारी बायपॅप यंत्रं आली आहेत आणि अशा वेळी ती लावायचा मोह होतो. उलट्या होणाऱ्या, गुंगीतल्या रुग्णाला बायपॅप लावू नका. घट्ट मास्कमधली उलटी बाहेर येत नाही, हवेच्या दाबानं ती फुफ्फुसात जाते.

अँबू बॅग वापरण्याआधी दहा सेकंदांची तपासणी करा. बॅगेचं रुग्णाकडचं तोंड तळहातानं बंद करून फुगा दाबा. तो दाबला जाऊ नये. दाबला गेला तर झडप गळते आहे. धुऊन पुन्हा जोडताना बदकाच्या चोचीसारखी पातळ रबरी झडप उलटी बसते किंवा वाळत घातलेल्या कपड्यावरच राहून जाते. मग फुगा दाबला जातो, पण छाती हलत नाही. मागची पिशवी जोडलेली आणि नळीतून १० ते १५ लिटर ऑक्सिजन सुरू आहे ना, ते पाहा. मास्कची कड मऊ फुगलेली हवी.

माणसं दोन असतील तर काम वाटून घ्या. एकानं दोन्ही हातांनी मास्क धरायचा: अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, आणि जबडा मास्ककडे ओढायचा. मास्क तोंडावर दाबू नका. दाबला की जीभ मागे पडते. दुसऱ्यानं फुगा दाबायचा, मोठ्यानं मोजत: "दाबा, एक, दोन, तीन, चार, पाच", पुन्हा "दाबा". सहा सेकंदांना एक श्वास, मिनिटाला दहा. मोठ्यांचा फुगा सुमारे दीड लिटरचा असतो, त्याचा तिसरा हिस्सा दाबला तरी पुरे. छाती नुकतीच उचललेली दिसली की हात सैल सोडा. घाईत माणूस मिनिटाला तीस-तीस वेळा दाबतो. मग हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते, आणि छातीत हवा कोंडून बीपी पडतं.

हाताचा श्वास तात्पुरता आणि कमी दर्जाचा असतो, असं मानायचं कारण नाही. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओनं श्वास थांबलेल्या रुग्णांची रांग लागली होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि हातानं फुगा दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे फुगे दाबत बसले. दहातले आठ-नऊ मरत होते तिथे निम्म्याहून अधिक वाचू लागले. आजचा अतिदक्षता विभाग त्यातून जन्माला आला. पूर ओसरेपर्यंत फुगा दाबत राहणारी नर्सबाई तेच काम करत असते. हात दमतात, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदला. घरच्या एखाद्या शांत माणसाला मोजणी शिकवून शेजारी बसवा.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्याआधी करा. बी-टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर असतात. १० लिटरच्या प्रवाहाला तो १५० मिनिटं पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. आणि रस्ता तीन तासांचा असेल तर? मग एकच सिलिंडर घेऊन निघणं म्हणजे अर्ध्या वाटेवर अडकणं. चावी सिलिंडरच्या मानेला तारेनं बांधून ठेवा, गाडीत ती कधीच सापडत नाही. जोडताना फुसफुस ऐकू आली तर बहुतेक वॉशर नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण आटे चुकवून बसलं तर काटा प्रवाह दाखवतो, बुडबुडेही येतात, आणि अर्धा ऑक्सिजन झाकणातून निघून जातो. पुढची नळी चिमटीत दाबा. बुडबुडे थांबले पाहिजेत. कॉन्सन्ट्रेटर चांगला आहे, पण तो विजेवर चालतो. पावसाळ्यात त्याच्या शेजारी भरलेला सिलिंडर उभा हवाच.

श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कीटकनाशकाचा संशय असेल तर ट्यूब टाकताना स्नायू सैल करायला देतात ते सक्सिनिलकोलीन टाळा, त्याचा असर लांबतो. काही रसुला जातींच्या अळंबीनं स्नायू विरघळतात, लघवी चहाच्या रंगाची होते, रक्तात पोटॅशियम चढतं. तिथे तर सक्सिनिलकोलीननं हृदय थांबू शकतं. अशा रुग्णाचे श्वासाचे स्नायूही थकत जातात, म्हणून अंगदुखी आणि काळसर लघवी सांगणाऱ्यावर श्वासाची नजर ठेवा.

व्हेंटिलेटरवर श्वासाचं माप उंचीवरून काढा, खाटेवरच्या वजनावरून नाही. १५२ सेंटीमीटर उंचीच्या बाईचं हिशेबी वजन ४५.५ किलो. किलोमागे ६ मिली धरले तर श्वास सुमारे २७० मिलीचा. १६५ सेंटीमीटरच्या पुरुषाला सुमारे ३७० मिली. सगळ्यांना सरसकट ५०० लावायची सवय जुनी आहे. फुफ्फुसं सुजलेल्या ८६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात किलोमागे १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के, तर ६ मिलीच्या गटात ३१ टक्के रुग्ण दगावले. यंत्र तेच, फक्त श्वास लहान केला होता. मात्र जुलाबांनी रक्त आंबट झालेला रुग्ण स्वतः मिनिटाला तीस-पस्तीस श्वास घेत असतो. ट्यूब टाकल्यावर यंत्र बारावर ठेवलं तर काही मिनिटांत त्याचं हृदय बसतं. त्याला सुरुवातीला पंचवीस-तीसच्या आसपास ठेवा.

फवारणीचं विष निघालं तर रुग्ण सावध झाल्यावरही सोडायची घाई नको. २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. सकाळ-संध्याकाळ रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता आलं नाही तर श्वास लवकरच जाणार आहे, आताच हलवा.

आता उशिराचं विष. अमॅनिटाच्या काही जातींत आणि लेपिओटा वंशातल्या काही छोट्या छत्र्यांत अमाटॉक्सिन असतं. शिजवून, वाळवून, उकळलेलं पाणी फेकून ते जात नाही. लसूण काळा पडणं, चांदी काळवंडणं, किड्यांनी खाल्लेली असणं, यातल्या कशानंही ते ओळखू येत नाही. ते लिव्हरच्या पेशीतलं आरएनए पॉलिमरेज २ हे एन्झाइम बंद पाडतं, नवीन प्रथिनं बनणं थांबतं आणि पेशी मरत जाते. आठ-बारा तासांनी पटकीसारखे जुलाब होतात. सलाईन लागतं, दुसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, रुग्ण चहा मागतो. सगळ्यात जास्त जीव इथे जातात. घरचे म्हणतात, "बरं वाटते आता, सुट्टी द्या जी." आतमध्ये लिव्हर जळत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होऊन माणूस गुंगीत जातो. सहा तासांनंतर उलटी सुरू झालेल्या कुणालाही, कितीही बरं वाटलं तरी, घरी पाठवू नका.

शुद्धीवर असेल तर विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड चारकोल ५० ग्रॅम पाण्यात कालवून पाजा, मग दर चार तासांनी २५ ग्रॅम. विष पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, म्हणून उशिरा दिला तरी उपयोग आहे. जुलाब थांबवायच्या गोळ्या देऊ नका, तापाला पॅरासिटामॉल देऊ नका. लिव्हर वाचवायला एन-ॲसिटिलसिस्टीन ५० किलोच्या माणसाला शिरेतून असं: ७.५ ग्रॅम २०० मिली डेक्स्ट्रोजमधून एका तासात, २.५ ग्रॅम ५०० मिलीतून चार तासांत, ५ ग्रॅम एक लिटरमधून सोळा तासांत. पहिल्या तासात अंग लाल होऊन धाप लागली तर थांबवा, ॲव्हिल हे ॲलर्जीचं औषध द्या, मग हळू सुरू करा. ग्लुकोमीटरनं दर तीन-चार तासांनी साखर बघा, ती अचानक पडते. एएलटी (लिव्हरची इजा) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) रोज, जमल्यास बारा तासांनी. आयएनआर चढायला लागला की वाट पाहू नका. नागपुरात यकृत प्रत्यारोपणाची सोय आहे आणि तिथे शुद्धीवर पोचलेल्या रुग्णाला संधी जास्त. गुंगी वाढून हाकेला उत्तर मिळेनासं झालं तर निघण्याआधी ट्यूब टाका.

२०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की हे विष पेशीला मारतं तेव्हा एसटीटी३बी हे प्रथिन त्याला लागतं, आणि डोळ्यांच्या व लिव्हरच्या तपासणीत वापरला जाणारा इंडोसायनीन ग्रीन रंग ते अडवतो. विष दिल्यावर चार तासांनी हा रंग टोचलेले उंदीर जास्त जगले. आशा वाटावी असं काम आहे. पण आपला रुग्ण बारा तासांनी येतो, त्यामुळे आज भिस्त लवकर पोचवण्यावरच.

उरलेली अळंबी किंवा भाजी कागदात गुंडाळून आणा. पॉलिथिनमध्ये ती सडते. उगवलेल्या जागी दुसरी दिसली तर बुडासकट खणून काढा. अमॅनिटाच्या बुडाशी मातीत वाटीसारखं आवरण असतं, वरून तोडली की ते मागेच राहतं. छत्री अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर उपडी ठेवून वर वाटी झाका. चार ते बारा तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो: सात्याचा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट, अमॅनिटाचा पांढरा. ठशाची वाट पाहत उपचार मात्र थांबवू नका.

रेफरच्या चिठ्ठीवर हे हवं: खाल्ल्याची वेळ, पहिल्या उलटीची वेळ, ॲट्रोपिनचे एकूण ॲम्प्युल आणि शेवटचा किती वाजता, चारकोल दिला का, लघवीचा रंग, निघताना सिलिंडरचा काटा. मागच्या बाजूला त्या भाजीतून जेवलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वय, त्रास होत नसला तरी. चुलीपाशी चव घेतलेली पोर, वाटीभर भाजी नेलेली शेजारीण, आणि जेवून दुपारच्या एसटीनं गावी गेलेला पाहुणा, त्याच्या फोन नंबरासह.